बावीस नंबरच्या अकरा चुका

त्याला गटात सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

पोटासाठी तो दात बनवायचा. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येत, सोबत चिठ्ठी असे: वरचे चार, खालचे दोन, रंग जरा पिवळसर. ठशात तो प्लास्टर ओती, प्लास्टरवर मेणात एकेक दात उभा करी, मग मेण काढून त्या जागी हिरड्यांच्या रंगाचा पक्का मसाला भरी, घासून गुळगुळीत करी आणि डबीत घालून परत पाठवी. अठ्ठावीस वर्षांत त्यानं हजारो तोंडं भरली आणि त्यातलं एकही पाहिलं नाही. काम बरोबर झालं की कुणाचा निरोप येत नसे. दात टोचला की फोन येई.

त्याची कामाची खोली तळघरात होती. वरच्या अंगाला एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरे जबडे, प्रत्येकाच्या कपाळी एक आकडा. बायको तिथं एकदाच आली होती. सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "एवढे सगळे हसतायत आणि तुम्ही एकटेच गप्प."

तो ज्या गटात होता तो गट एका मालिकेवर जीव टाकणाऱ्यांचा होता. 'नववी खेप' तिचं नाव. पस्तीस वर्षांपूर्वी दर आठवड्याला लागायची. अंतराळातून टपाल वाहणारं एक जुनं यान, त्यावर कप्तानबाई, यंत्रज्ञ, टपाली आणि आणखी दोघं. अंतरं अशी की पत्र पोचेपर्यंत ज्याला लिहिलं तो म्हातारा झालेला असे, किंवा नसे. एक्केचाळीस भाग झाले आणि मालिका मध्येच बंद पडली. शेवट झालाच नाही. पाहणारी पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली, त्यांचे केस गेले, पण काही जणांच्या डोक्यातलं ते यान खाली उतरलं नाही ते नाहीच.

त्यातल्याच एकानं, शाळेत भूमिती शिकवणाऱ्या मास्तरांनी, गट जमवला. कारण एक बातमी. यंत्रज्ञाचं काम करणारा नट एका शुश्रूषागृहात वारला होता. ज्यांचं आता औषधानं काही होण्यासारखं नाही अशांना शेवटपर्यंत सांभाळणारी ती जागा. बातमी तीन ओळींची होती. तिसऱ्या ओळीत होतं की अंत्यविधीला कुणी आलं नाही. मास्तरांनी ओळखीच्या दहाबारा जणांना पत्रं टाकली: आपण इतकी वर्षं या माणसाच्या नावानं उसासे टाकतोय आणि तो गेला तेव्हा उशाशी एका नर्सशिवाय कुणी नव्हतं, आपल्याला लाज वाटली पाहिजे.

लाज वाटली, म्हणून पुस्तक निघालं. त्याच यानाच्या, त्याच माणसांच्या नव्या गोष्टी चाहत्यांनीच लिहायच्या, पुस्तक करून चाहत्यांनीच विकत घ्यायचं, आणि जे येईल ते सगळं त्या शुश्रूषागृहाच्या पलंगांसाठी द्यायचं. लिहिणाऱ्याला काही नाही, जमवणाऱ्याला काही नाही. मालिकेची मालकी असलेल्या कंपनीनं पत्रानं परवानगी दिली, अटींसकट. पुस्तक एकदाच छापायचं. त्यातली गोष्ट पुन्हा कुठं प्रसिद्ध करायची नाही. आणि ज्या गोष्टी निवडल्या जाणार नाहीत त्या आठवड्याच्या आत नष्ट करायच्या, प्रत ठेवायची नाही, तसं लिहून द्यायचं.

मास्तरांनी गटासाठी आपला एक नियम घातला: पडद्यावर दाखवलं ते खरं, त्याच्या विरुद्ध लिहायचं नाही. यंत्रज्ञ तेहतिसाव्या भागात मेला, तो मेलाच. मेलेल्याला परत आणायचं नाही.

हा नियम सांभाळायला फूटपट्टी होता. चार जाड वह्यांत त्यानं एक्केचाळीस भागांची नोंद करून ठेवली होती. कुठलं दार कुठल्या बाजूला उघडतं, कप्तानबाई घड्याळ कुठल्या मनगटावर बांधतात, जिन्याला पायऱ्या किती. आलेली प्रत्येक गोष्ट आधी त्याच्याकडे जाई. तो वरचं नाव काढून नंबर टाके, चुका तपासे आणि मग ती तिघा निवडणाऱ्यांपुढं ठेवी. नावं फक्त त्याला माहीत. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी त्यानं स्वतःच आणखी एक नियम करून घेतला होता, की ज्याला नावं दिसतात त्यानं स्वतःची गोष्ट द्यायची नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मास्तर म्हणाले होते, "हा माणूस स्वतःलाही सवलत देत नाही." फूटपट्टीला ते वाक्य पुढं कित्येक वर्षं पुरलं.

सात पुस्तकं निघाली. आणि त्याच काळात, कागद मेणाच्या कांड्या ठेवायच्या खणात दडवून ठेवत, त्यानं स्वतःची एक गोष्ट लिहिली. टपाल्याची. टपाल्याला पिशवीच्या तळाशी पत्ता नसलेलं एक पत्र सापडतं आणि तो ते यानभर घेऊन फिरतो. सात वर्षं लिहीत होता. घरी जेवणानंतर टेबलावर कागद काढून बसे.

"पुन्हा पहिलंच पान?" बायको विचारी.

"दुरुस्त करतोय."

"एवढ्यात लोकांची घरं बांधून झाली असती."

"घराला काय, विटेवर वीट."

"मग तुम्ही काय करताय? विटा धुताय?"

आठव्या पुस्तकाची तयारी सुरू झाली आणि कंपनीचं पत्र आलं. गटातल्या वकीलबाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं. कंपनी मालिका नव्यानं काढणार होती, नवे चेहरे, नवं यान. चाहत्यांच्या पुस्तकांना दिलेली परवानगी या पुस्तकानंतर संपते. कळावे.

बाकीचे चिडले, कुणी कंपनीला शिव्या घातल्या. फूटपट्टीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आत्ता छापली नाही तर ती खणातच राहणार. यानाबाहेर तिला जागा नाही. दुसऱ्या कुठल्या मासिकाला ती देता येणार नाही, कारण तिच्यातलं यान त्याचं नाही, टपाली त्याचा नाही, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा त्याच्या नाहीत. दुसऱ्याच्या जबड्यावर घडवलेला दात तिसऱ्याच्या तोंडात बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तो मेहुण्याकडे गेला. मेहुण्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं.

"तुझं नाव हवंय," फूटपट्टी म्हणाला.

"जामीन राहायचंय का दाजी?"

"नाही रे. एका गोष्टीवर घालायला."

मेहुण्यानं किल्ली घासायचं यंत्र बंद केलं. सगळं ऐकून घेतलं. "मी शाळेत निबंध दुसऱ्याचे उतरवायचो, ठाऊक आहे ना? आता दुसरा माझ्या नावावर लिहिणार. फिट्टंफाट झाली म्हणायची. पण मला कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कुणी विचारत नाही."

"काही मिळतं का?"

"नाही."

"तुमचं नाव नाही, मिळत काही नाही, कुणी विचारतही नाही," मेहुण्यानं पुन्हा यंत्र सुरू केलं. "दाजी, दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं."

घरी बायको म्हणाली, "पण नियम तुम्हीच केला होता ना?"

"तेव्हा माझ्याकडे गोष्ट नव्हती."

तिनं टेबल पुसलं, त्याच्या कागदांच्या कडेकडेनं.

त्या वर्षी एकतीस गोष्टी आल्या. मेहुण्याच्या नावाची चौदाव्या नंबरावर गेली. ते नाव झाकून तिच्यावर चौदा लिहिताना फूटपट्टीचा हात जराही हलला नाही. रोजच्या कामाचा हात होता तो.

बाविसावी आली ती एका नर्सच्या पत्त्यावरून. खाली तिनं लिहिलं होतं: मास्तरांनी सांगितली, मी टाइप केली, चुका माझ्या समजाव्या. मास्तर चार महिन्यांपासून त्याच शुश्रूषागृहात होते. मूत्रपिंडं गेली होती आणि त्याआधी डोळे. गटातलं कुणी ना कुणी दर रविवारी तिथं जाऊन आळीपाळीनं रुग्णांना वाचून दाखवी. फूटपट्टी जात नसे. त्याच्याकडे वह्यांचं काम होतं, आणि ते सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

त्यानं मास्तरांचं नाव काढलं, बावीस लिहिलं आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसला. दुपारची वेळ होती, खिडकीतून पाय जात-येत होते. पहिल्याच पानावर यानाचं दार उघडलं आणि मेलेला यंत्रज्ञ आत आला. काही झालंच नाही अशा थाटात. फूटपट्टी वाचत गेला. चौथ्या पानावर त्याच्या लक्षात आलं की पेन्सिल खाली ठेवलेली आहे आणि ती कधी ठेवली ते आठवत नाही. असं त्याचं आजवर झालं नव्हतं. तो स्वतःवर वैतागला. पहिल्या पानावर परत गेला आणि या वेळी वही उघडून, एकेक चूक नंबर घालून लिहीत, पुढं सरकला. गोष्ट बारा पानांची होती. नवव्या पानाशी अकरावी चूक लिहून झाली. तेवढ्या पुरेशा होत्या. त्यानं वही मिटली.

निवड वकीलबाईंच्या कचेरीत झाली, संध्याकाळी, अशील गेल्यावर. निवडणारे तिघं: वकीलबाई, चष्म्याच्या दुकानातला गृहस्थ आणि एक ग्रंथपाल बाई, ज्या फक्त बोटांनी नंबर दाखवत. पुस्तकात बारा गोष्टी बसणार होत्या. अकरांवर भांडण झालं नाही. बाराव्या जागेसाठी चौदा आणि बावीस उरल्या.

"बावीस," वकीलबाई म्हणाल्या. "प्रश्नच नाही. मी ती बसमध्ये वाचली आणि दोन थांबे पुढं गेले."

"आणि चौदा?" फूटपट्टीनं विचारलं. तो नेहमी विचारायचा, तेव्हा यात कुणाला काही वाटलं नाही.

"चौदा कडक इस्त्रीची आहे. एक सुरकुती नाही. वाचून झाली आणि मी घड्याळ बघितलं."

"मला चौदा बरी वाटली," चष्मेवाला म्हणाला. "नीटनेटकी आहे."

"तुम्हाला अक्षर मोठं असलं तरी बरं वाटतं."

ग्रंथपाल बाईंनी दोन बोटं दाखवली, मग पुन्हा दोन. बावीस.

फूटपट्टीनं वही उघडली. "बावीसमध्ये यंत्रज्ञ जिवंत आहे."

"माहीत आहे हो. वाचलीय ना."

"तेहतिसाव्या भागात—"

"एकदा चालवून घेऊ. शेवटचंच पुस्तक आहे."

"शेवटचं आहे म्हणून तर." त्याचा आवाज नेहमीचाच होता. "सात पुस्तकांत सतरा जणांच्या गोष्टी याच कारणानं परत गेल्या. त्यांना आता काय सांगायचं? आणि ही एकच चूक नाही. अकरा आहेत. वाचू?"

कुणी 'वाचा' म्हणालं नाही. वकीलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कुणाची गोष्ट आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं नाही हा नियमच होता. त्याला ठाऊक होतं. सांगायचं नाही हाही नियम होता. त्या संध्याकाळी सगळे नियम त्याच्या बाजूनं उभे होते, त्याला फक्त त्यांच्या मागं उभं राहायचं होतं.

"बरं," वकीलबाई म्हणाल्या आणि फाईल बंद केली. "चौदा घ्या. तुमच्यापुढं कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं न निवडलेल्या एकोणीस गोष्टी, तिघांकडून परत घेतलेल्या प्रतींसकट, फाडल्या, प्लास्टरच्या बादलीत भिजवल्या आणि लगदा कचऱ्यात टाकला. संगणकावरच्या पुसल्या. नर्सच्या पत्त्यावर गटाच्या नावानं ठरलेल्या मजकुराचं नकाराचं पत्र गेलं. कंपनीच्या कागदावर सही करताना त्यानं तारीख घातली. आठवड्याची मुदत होती. त्याला एक दिवस लागला.

पुस्तक निघालं. बारा गोष्टी, शेवटून दुसरी टपाल्याची, खाली मेहुण्याचं नाव. फूटपट्टीनं ते पान इतक्या वेळा उघडलं की पुस्तक आपोआप तिथं उघडायला लागलं, म्हणून त्यानं दुसरी प्रत घेतली.

मग तो वाट पाहू लागला. वाचकांची पत्रं वकीलबाईंकडे यायची आणि त्या गटाला पाठवायच्या. एका वाचकानं यादी करून लिहिलं होतं, कुठली गोष्ट का आवडली ते. यादीत अकरा गोष्टी होत्या. फूटपट्टीनं दोनदा मोजल्या. दुसऱ्या एकानं लिहिलं, पुस्तक एका बैठकीत संपवलं, फक्त शेवटाकडे जरा झोप लागली.

मेहुण्याच्या दुकानात पुस्तक यंत्राशेजारी पडलं होतं, वर किल्ल्यांचा जुडगा.

"वाचलीस?"

"दोन पानं झाली दाजी. एकदम स्वच्छ लिहिलंय. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही लेखक आहात काय? मी म्हटलं, हो, फावल्या वेळात."

"मग?"

"मग काय. कपाटाची किल्ली घेऊन गेला."

बायकोनं मात्र सगळी वाचली. दुपारी बसून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. तो शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसला होता. ती पुस्तक घेऊन दारात आली.

"या टपाल्याला घरी कुणी नाही का हो?"

"मालिकेत दाखवलेलं नाही."

"म्हणून तुम्हीही नाही दाखवलंत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

पुस्तक निघालं की त्याच्या प्रती शुश्रूषागृहात जात आणि पुढचे काही रविवार त्यातूनच वाचन होई, ही पहिल्यापासूनची पद्धत. वकीलबाईंनी फोन केला. "या रविवारी तुम्ही जा. मास्तरांनी तुमचंच नाव घेतलंय. आणि येताना वह्या घेऊन ये म्हणावं, असंही म्हणाले. कशाला ते विचारलं तर म्हणाले, भांडायला."

तो गेला. फरशी नुकतीच पुसलेली होती. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक आकडा रंगवलेला, कितव्या पुस्तकातून तो आला ते सांगणारा. मास्तर पाचव्या पुस्तकाच्या पलंगावर होते. एवढासा झाला होता तो माणूस. चादरीवर हात तेवढे जुन्या मापाचे राहिले होते, खडू धरायचे.

"आलास? पावलं मोजत येतोस अजून," मास्तर म्हणाले.

"कसं वाटतंय मास्तर?"

"आडवं. बस. स्टूल डावीकडे आहे. नाव काढायचा नियम आहे, माहीत आहे मला, पण माझी तू ओळखली असशील. नर्सचा पत्ता होता."

"ओळखली."

"आणि मेलेल्याला परत आणला म्हणून काढलीस."

"नियम आहे."

"नियम माझाच आहे रे. तो केला तेव्हा मी पन्नाशीत होतो, रोज चार मैल चालायचो. मेलेल्यानं मेलेलंच राहावं असं वाटायला तब्येत चांगली लागते." ते जरा थांबले, दम घेतला. "राग नाही. माझ्या जागी जी घेतलीस ती वाच."

फूटपट्टीनं पुस्तक उघडलं. नवी प्रत होती, पान शोधावं लागलं. तो स्वतःची गोष्ट वाचू लागला. सात वर्षं त्यानं ती मनात वाचली होती. मोठ्यानं आज पहिल्यांदा. टपाली पिशवीतून पत्र काढतो, सहा पायऱ्या चढतो, डावीकडे वळतो. ऐकताना त्यालाच ते एखाद्या घराच्या नकाशासारखं वाटलं. तो भरभर वाचू लागला. अर्ध्यावर मास्तरांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा.

"कोण आहे हा?"

"किल्ल्या बनवतो."

"वाटलंच. सगळी दारं बरोबर उघडतायत. आत कुणी राहत नाही."

फूटपट्टी पुस्तकातल्या त्या पानाकडे बघत राहिला. सांगून टाकावं असं एकदा वाटलं. पण सांगितलं तर मास्तर आपले शब्द मागं घेतील, आणि ते सहन करणं त्याला जास्त जड गेलं असतं.

"ठेव ते," मास्तर म्हणाले. "आता माझी वाच."

"तुमची?"

"बावीस नंबर, की जो काय दिला असशील तो. मी सांगत गेलो, ती मुलगी टाइप करत गेली. परत ऐकायची राहूनच गेली. ती नोकरी बदलून गेली, तिचा फोन लागत नाही. आणि माझं डोकं असं झालंय, या औषधांनी सकाळचं दुपारी राहत नाही. शेवट काय केला तो आठवेना मला. आठवडा झाला, शोधतोय. निवडणाऱ्यांना विचारलं तर परत पाठवलेली माझी होती हे त्यांना कळेल, ते नको. तुझ्याकडे आहे ना?"

"नाही मास्तर. नष्ट केली. कंपनीची अट आहे."

"आठवडा असतो त्याला."

"दुसऱ्याच दिवशी केली."

पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा खोकला. "वक्तशीर," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

"माझ्याकडे वही आहे," फूटपट्टी म्हणाला. ते बोलून गेल्यावर त्याला कळलं की तो काय बोलला. "चुकांची यादी आहे."

"वाच."

त्यानं चौथी वही मांडीवर घेतली. "पान एक. यानाचं दार बाहेरून उघडतं. बाहेरून कडी नाही, भाग चार."

"हं."

"पान एक. यंत्रज्ञ आत येतो. मृत, भाग तेहतीस. पान दोन. यंत्रज्ञ उजव्या हातानं टोपी काढतो. उजवा हात निकामी, भाग एकोणतीस."

"त्याचा हात बरा केला होता मी," मास्तर म्हणाले. चेहरा छताकडे होता. "पुढची."

"पान तीन. कप्तानबाई हसतात. एक्केचाळीस भागांत कुठंही हसलेल्या नाहीत."

मास्तर हसले. घशात काहीतरी अडकल्यासारखं, पण हसले.

"पान चार. यानाच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे. नाही. पान चार. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. अशक्य. पान पाच. यंत्रज्ञ फळ्यावर त्रिकोण काढतो. यानात फळा नाही. पान सहा. यंत्रज्ञाची बायको. मालिकेत उल्लेख नाही."

"ती मैदानातून येते," मास्तर हळूच म्हणाले. "हां. छत्री घेऊन. पुढं?"

"पान सात. तिचं पत्र त्याच दिवशी पोचतं. कमीत कमी सहा वर्षं लागतात, भाग दोन. पान आठ. यानातले दिवे जातात तरी यंत्रज्ञाला दिसतं. कारण दिलेलं नाही. पान नऊ. यान खाली उतरू लागतं. यानाला पाय नाहीत, ते उतरू शकत नाही, भाग एक."

मास्तरांचा हात चादरीवर उठला आणि तसाच अधांतरी राहिला. "पुढं?"

फूटपट्टीनं पान उलटलं. मागं कोरं होतं.

"पुढं चूक नाही मास्तर."

"दहाव्या पानावर?"

"नाही. शेवट बरोबर होता."

हात खाली आला. "नवव्या पानावर यान उतरायला लागतं," मास्तर वर्गात सिद्धता मांडावी तसं सावकाश म्हणाले. "ते उतरूच शकत नाही. मग पुढची तीनही पानं चुकीचीच असली पाहिजेत. एकूण एक ओळ. तुझ्याकडे एकही चूक नाही. म्हणजे काय?"

फूटपट्टीनं वही मिटली.

"म्हणजे तू वाचली नाहीस."

"अकरा झाल्या होत्या," तो म्हणाला. "पुरेशा होत्या."

"पुरेशा होत्या," मास्तर म्हणाले.

"मी विचार करून सांगू का? यान कुठं उतरलं असेल ते. तुमची पद्धत मला ठाऊक आहे. सगळं जुळवून—"

"नको. तू सांगशील तर बरोबर सांगशील." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "जा. पलीकडचा गृहस्थ केव्हाचा कान देऊन बसलाय. त्याला वाच काहीतरी."

फूटपट्टीनं वही पिशवीत घातली, स्टूल उचललं आणि शेजारच्या पलंगाशी नेलं. तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, गोष्ट कशाची आहे. एका यानाची, तो म्हणाला, आणि पुस्तकातली पहिली गोष्ट काढली, ती दुसऱ्या कुणाची तरी होती. त्यानं वाचायला सुरुवात केली. पाठीमागून मास्तरांचा आवाज येत होता, स्वतःशी बोलल्यासारखा, पण स्वच्छ. दार बाहेरून उघडतं. तो आत येतो. टोपी काढतो. कप्तानबाई हसतात. ते बोटांवर मोजत होते, मैदान, फळा, छत्री, पत्र, अंधार, आणि यान उतरायला लागलं की थांबत होते. मग परत दारापासून.